पासवर्ड मॉनिटरवर का चिकटतो? माहिती-सुरक्षेचे नियम माणसं का मोडतात आणि पाळले जावेत म्हणून काय करावं

महिन्याच्या २० तारखेला दुपारी इंदूरच्या एखाद्या गजबजलेल्या सीए ऑफिसात डोकावलंत, तर टेबलाचा एक खण हमखास उघडा दिसेल. जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायचा शेवटचा दिवस, पोर्टल रडतखडत चाललेलं, आणि खणात क्लायंट मंडळींचे डिजिटल सिग्नेचरचे टोकन (पेन ड्राइव्हसारखी वस्तू, जिच्यात सहीची गुप्त किल्ली असते) ओळीने लावलेले. प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर फर्मचं नाव आणि खाली पिन. सहीची किल्ली ज्याची त्याने ताब्यात ठेवावी, दुसऱ्याला कळू देऊ नये, असं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४२ सांगतं. हे तिथल्या नव्या आर्टिकलपासून, म्हणजे शिकाऊ सीएपासून, मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. तरी खण तसाच.

अशा वेळी मालक मंडळी दोन गोष्टी करतात. एक ट्रेनिंग ठेवतात आणि एक कडक सर्क्युलर काढतात. दोन्हींच्या मागे समजूत एकच, की माणसाला माहीत नाही किंवा माणूस बेफिकीर आहे. मला ही समजूत बहुतेक वेळा चुकीची वाटते. नियम मोडणारा माणूस बहुधा काम पुरं करत असतो, तेच काम ज्याच्यासाठी त्याला शाबासकी मिळते आणि ज्याच्या आड नियम येतो. नियम पाळायचा त्रास त्याच्या माथी आणि फायदा संस्थेचा, हा हिशोब बदलत नाही तोवर सर्क्युलर फाइलला लागतं आणि चिठ्ठी टोकनला.

पुढचं सगळं दहा-वीस ते दोन-तीनशे माणसांच्या संस्थांसाठी आहे: सीए आणि वकिलांची ऑफिसं, पतसंस्था, इंदूरच्या सांवेर रोडवरचे कारखाने, जवळच्या पीथमपूरच्या औषध कंपन्या, दवाखाने. सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या आयटी कंपन्यांकडे यासाठी वेगळे विभाग असतात. अर्थात माणसं तिथेही हीच.

पायरी १ : मोडलेले नियम गोळा करा, मोडणाऱ्यांची नावं नकोत

सुरुवात धोरणाच्या फाइलपासून करू नका. आठवडाभर माणसांच्या शेजारी बसा, आणि तेही सोयीच्या वेळी नाही. महिनाअखेर, शिफ्ट बदलण्याची वेळ, ३० सप्टेंबरच्या आधीचा टॅक्स ऑडिटचा आठवडा, दवाखान्यात सकाळची ओपीडी. नियम एरवी पाळले जातात आणि याच वेळी मोडतात.

‘तुम्ही नियम पाळता ना?’ असं विचारलंत तर ‘हो’ शिवाय दुसरं उत्तर येणार नाही. त्याऐवजी विचारा, ‘काका, हा नियम तंतोतंत पाळला तर तुमचं काम कुठे अडतं?’ या प्रश्नावर माणूस मोकळा होतो, कारण आरोप त्याच्यावर नसून नियमावर असतो. विचारायला आयटीवाल्याला किंवा एचआरला पाठवू नका. ज्याच्याबरोबर लोक पोहे खायला खाली उतरतात असा कोणीतरी निवडा.

त्याआधी मालकाने स्वतःच्या सहीने लिहून द्यावं की या पंधरवड्यात जो जे सांगेल त्यावर कारवाई होणार नाही. आणि मग ते पाळावं. पहिल्याच कबुलीवर साहेबांचा आवाज चढला, तर पुढची कितीतरी वर्षं तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही.

काय काय ऐकू येईल, तेही सांगतो. पतसंस्थेत कॅशियरला अधिकाऱ्याचा पासवर्ड माहीत असतो, कारण अधिकारी वसुलीला बाहेर आणि ग्राहक खिडकीसमोर. म्हणजे ज्या व्यवहाराला दोन माणसांची मंजुरी हवी, तिथे प्रत्यक्षात एकच माणूस उरतो. कारखान्यात एका कॉम्प्युटरवर सकाळी जो लॉगिन झाला, त्याच्याच नावाने रात्रपाळीसुद्धा चालते. ताळेबंद क्लायंटला व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, तोही कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नंबरवरून. घरी काम करायचं म्हणून फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवली जाते. क्लायंट लोकांचे पोर्टलचे सगळे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये असतात, आणि त्या शीटचं नावही ‘पासवर्ड’.

प्रत्येक प्रकारासमोर चार गोष्टी लिहा: कधी मोडतो, मोडल्याने काय साधतं, पाळला तर किती वेळ जातो, आणि पाळायचा म्हटलं तर संस्थेने दिलेली सोय कोणती. वेळ अंदाजाने लिहू नका, घड्याळ लावून मोजा. चौथा रकाना रिकामा राहिला की समजा, तिथे दोष माणसाचा नाही.

पायरी २ : कारण ओळखा, कारण प्रत्येकावर औषध वेगळं

खरोखर माहीत नाही म्हणून मोडणारे थोडेच असतात. नवा मुलगा, बदलीवर आलेली बाई, इतकेच. त्यांना सांगितलं की पुरतं. यावर जास्त शब्द घालवत नाही.

दुसरं कारण, पाळणं जमतच नाही. मोठी फाइल ई-मेलवर जात नाही आणि दुसरा मार्ग दिलेलाच नाही. रात्री दोन वाजता पासवर्ड लॉक झाला तर उघडून देणारा माणूस सकाळी दहाला येतो. अशा ठिकाणी नियम मोडणं हीच कामाची अधिकृत पद्धत असते, फक्त कागदावर लिहिलेली नसते.

तिसरं कारण सगळ्यात जास्त आढळतं आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. एकेक नियम पाळणं जमण्यासारखं असतं, पण सगळे मिळून परवडत नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अँजेला सॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली याला नियमपालनाचं बजेट म्हटलं. संस्थेसाठी त्रास सोसायची माणसाची तयारी असते, पण तिला मर्यादा असते, आणि ती मर्यादा संपली की उरलेले नियम सोडून दिले जातात. ते महत्त्वाचे आहेत की नाहीत, याचा विचार तेव्हा होत नाही. जो नियम त्या क्षणी आडवा येतो तो मोडतो. म्हणून दर पंधरा मिनिटांनी स्क्रीन लॉक, दर महिन्याला नवा पासवर्ड, प्रत्येक प्रिंटला मंजुरी असे फुटकळ नियम वाढवत गेलात, तर त्याची किंमत त्या एका नियमाला मोजावी लागते ज्यावर संस्था उभी आहे.

चौथं, नियम पटत नाही. इथे पीथमपूरच्या औषध कारखान्यांतली एक गोष्ट मला नेहमी बोलकी वाटते. तोच ऑपरेटर निर्जंतुक खोलीत जाताना टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे ठरलेल्या क्रमाने चढवतो, कोणी बघत नसलं तरीही. आणि बाहेर येऊन प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याच्या लॉगिनने नोंद करतो. माणूस तोच, शिस्त तीच, मग फरक कुठला? गाऊनसाठी वेगळी खोली आहे, कपडे हाताशी ठेवलेले आहेत, कामाच्या वेळातच तो वेळ धरलेला आहे, आणि हातावरचे जंतू औषधात जातात हे त्याला मनापासून पटलेलं आहे. लॉगिनबाबत यातलं काहीच नाही. अमेरिकेला माल पाठवणाऱ्या कारखान्याला तिथल्या औषध प्रशासनाचा १९९७ चा भाग-११ नावाचा नियम लागू होतो आणि त्यात प्रत्येक इलेक्ट्रॉनिक सही एकाच माणसाची असली पाहिजे अशी अट आहे. पण ऑपरेटरला कोणी असं सांगितलेलं नसतं की, ‘तू दुसऱ्याचं लॉगिन वापरतोस तसं कोणी तुझं वापरलं आणि उद्या त्या बॅचमध्ये खोट निघाली, तर नोंद तुझ्या नावावर निघेल, आणि ती तू केली नव्हतीस हे तुला सिद्ध करता येणार नाही.’ असं एकदा सांगून बघा. संस्थेच्या हिताच्या व्याख्यानापेक्षा हे लवकर पोचतं.

पायरी ३ : सबबी ऐका आणि नियमातच त्यांना उत्तर द्या

चांगला माणूस नियम मोडतो तेव्हा तो स्वतःशी काहीतरी बोलतो. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली बालगुन्हेगारीचा विचार करताना या मनातल्या सबबींची मांडणी केली. २०१० मध्ये मिक्को सिपोनेन आणि अँथनी व्हान्स यांनी तीच मांडणी कार्यालयांतल्या माहिती-सुरक्षेला लावून पाहिली. त्यांना आढळलं की सबबी हिशोबात धरल्या तर शिक्षेच्या भीतीचा प्रभाव फारसा उरत नाही. हे वाचल्यावर मी सर्क्युलरमधल्या ‘कठोर कारवाई करण्यात येईल’ या वाक्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

आपल्याकडच्या सबबी कोणालाही ओळखू येतील. ‘कोणाचं काय बिघडलं?’ ‘साहेबांनीच सांगितलं होतं.’ ‘२० तारीख होती, दुसरं काय करणार?’ ‘क्लायंट ताटकळला असता.’ ‘आयटीवाले स्वतः कुठे पाळतात?’ आणि जुन्या माणसांची खास, ‘वीस वर्षं झिजलोय या संस्थेसाठी, एकदा चाललं तर काय झालं?’ यातली शेवटची मोठी घातक. कारण ती प्रामाणिक, कष्टाळू, सगळ्यांचा विश्वास असलेल्या माणसाच्या तोंडी असते आणि तिला उलट उत्तर द्यायची कोणाची छाती होत नाही.

यावर करायचं काय? ट्रेनिंगमध्ये धोक्यांची यादी वाचण्याऐवजी या सबबी, आपल्याच ऑफिसातल्या शब्दांत, फळ्यावर लिहा. लोक हसतात. हसू द्या. मग प्रत्येकीसमोर दोन ओळी: त्या वेळी प्रत्यक्षात काय करता आलं असतं, आणि ते आज शक्य आहे का. ‘२० तारीख होती’ याचं उत्तर उपदेश नव्हे. त्याचं उत्तर असं, की टोकन क्लायंटकडेच राहील आणि १८ तारखेपर्यंत क्लायंटने ओटीपीने मंजुरी द्यायची, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून घेणं. पोर्टलवर ज्या करदात्याला ओटीपीने भागवता येतं त्याचं टोकन आपल्या खणात कशाला?

पायरी ४ : आधी सोय, मग बंदी

इंदूरकराला हे समजावायला लांब जायला नको. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहर वर्षामागून वर्ष पहिलं येत राहिलं, ते दंडाच्या पावत्यांनीच आलं असं कोणी म्हणणार नाही. दंड होताच. पण कचऱ्याची गाडी आधी दारात यायला लागली, रोज, ठरल्या वेळी, गाणं वाजवत. मग रस्त्यावरच्या कचरापेट्या उचलल्या गेल्या. ओला-सुका वेगळा केला नाही तर गाडीवरचा माणूस तिथल्या तिथे सांगायचा, आणि शेजारीण बघत असायची. क्रम उलटा असता, म्हणजे पेट्या आधी उचलल्या असत्या आणि गाडी नंतर आली असती, तर काय झालं असतं याची कल्पना करा. आपण ऑफिसात नेमकं तेच करतो. पेन ड्राइव्ह बंद करतो आणि फाइल न्यायची दुसरी सोय सहा महिन्यांनी देतो.

तर पहिल्या पायरीतल्या तक्त्याचा चौथा रकाना भरा. व्हॉट्सअ‍ॅप नको तर शेअर करता येणारं फोल्डर द्या, ज्याची लिंक पाठवायला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवण्याइतकाच वेळ लागेल. शिफ्टच्या कॉम्प्युटरवर ओळखपत्र टेकवून किंवा बोट ठेवून लॉगिन होईल असं करा. रात्रपाळीला पासवर्ड उघडून देणारा माणूस किंवा यंत्रणा द्या. पतसंस्थेत अधिकारी बाहेर जाणार असेल तर दुसऱ्या अधिकाऱ्याला त्या दिवसापुरता अधिकार देता आला पाहिजे, तोही दोन मिनिटांत. एक्सेलमधल्या पासवर्डांसाठी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं सॉफ्टवेअर, विकत घ्या, आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या शेजारी बसून तो सुरू करून द्या. ‘लिंक पाठवली आहे, इन्स्टॉल करून घ्या’ म्हटलंत तर एक्सेल शीट अजरामर समजा.

आणि काही नियम सरळ काढून टाका. दर ३०-९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती त्यातली पहिली. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने तो बदलायला लावू नये, आणि एक कॅपिटल, एक अंक, एक चिन्ह अशा सक्तीचाही आग्रह धरू नये. लांबी बघावी, आणि सर्रास वापरले जाणारे किंवा फुटलेले पासवर्ड नाकारावेत. सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा १ काढून २ लावतो. हे सगळ्यांना माहीत असूनही नियम चालूच राहतो, कारण ऑडिटच्या यादीत तो असतो. तुमच्या नियामकाची किंवा ग्राहकाच्या करारातली अट असेल तर ती पाळावीच लागेल. पण स्वतःहून लादलेली असेल तर आजच काढा. नियम काढल्याची घोषणा करा, म्हणजे लोकांना दिसेल की त्यांचं ऐकलं गेलं. उरलेल्या नियमांना त्याने वजन येतं.

पायरी ५ : नियम माणसाच्या भाषेत लिहा

‘गोपनीय माहिती अनधिकृत माध्यमाद्वारे प्रसारित करू नये.’ हे वाचून कोणालाही काहीही कळत नाही. गोपनीय म्हणजे काय, अनधिकृत कोण ठरवणार? असं लिहा: ‘क्लायंटचं पॅन, आधार, ताळेबंद, बँक स्टेटमेंट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं नाही. ऑफिसच्या फोल्डरची लिंक पाठवायची. क्लायंट हट्ट करत असेल तर त्याच्याशी वाद घालू नका, मॅडमना फोन द्या.’

त्या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. तेवीस वर्षांच्या मुलाने पन्नाशीच्या व्यापाऱ्याला ‘नाही’ म्हणावं, ही अपेक्षा इंदूरच्या सियागंजात किंवा क्लॉथ मार्केटात, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बाजारात, चालत नाही. ‘अरे भिया, पाठवून दे ना’ म्हटलं की तो पाठवतो. नकाराचं ओझं वरिष्ठाने उचलायचं असतं, आणि तसं नियमातच लिहिलेलं असलं पाहिजे.

एका पानात मावतील इतकेच नियम ठेवा. शिवाय अपवादाचं दार ठेवा: खरंच अडलं तर कोणाला विचारायचं, किती वेळात उत्तर मिळेल, आणि अपवाद किती दिवस चालेल. अपवादांची वही महिन्यातून एकदा वाचा. एकच अपवाद पुन्हा पुन्हा येत असेल तर नियम दुरुस्तीला आला आहे.

पायरी ६ : साहेबांपासून सुरुवात

हा भाग लहान आहे, कारण यात समजावण्यासारखं काही नाही, करण्यासारखं आहे. मालकाने स्वतःचा पासवर्ड अकाउंट्सच्या काकांना दिलेला असेल, तर त्या संस्थेत पासवर्डचा नियम नाही. माणूस सर्क्युलर बघत नाही, शेजारचा आणि वरचा काय करतो ते बघतो. मालकाने पासवर्ड बदलावा आणि काकांना त्यांच्या कामापुरतं वेगळं लॉगिन द्यावं. ‘साहेबांचा माझ्यावर विश्वास राहिला नाही’ असं काकांना वाटू शकतं. म्हणून आधी स्वतः जाऊन बोलावं: ‘काका, काही गडबड झाली तर पहिला संशय तुमच्यावर येईल, आणि तो तुमच्यावर यावा असं मला वाटत नाही.’ हे खरंही आहे.

आणखी एक. नियम पाळल्यामुळे काम उशिरा झालं तर साहेब काय म्हणतात? संस्थेचा खरा नियम त्याच वाक्यात असतो.

पायरी ७ : भीती आणि शिक्षा जपून वापरा

रोनाल्ड रॉजर्स यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या आणि १९८३ मध्ये सुधारलेल्या विचारानुसार धोका मोठा आहे आणि आपल्यावर येऊ शकतो, एवढं कळून माणूस सावध होतोच असं नाही. सांगितलेला उपाय खरंच चालतो, तो मला जमेल आणि त्याचा त्रास परवडेल, हेही वाटावं लागतं. उपाय न देता नुसती भीती घातली तर माणूस विषयच टाळतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात ९४ कोटी रुपये गेले, हे सांगून पतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांना घाबरवता येतं. पण खिडकीवरच्या ताईंनी सोमवारी सकाळी नेमकं काय वेगळं करायचं, हे त्याच दमात सांगितलं नाही तर ती गोष्ट चहाबरोबर संपते. तसंच डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मधल्या २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाचं. तो आकडा मालकाची झोप उडवतो. कारकुनाला तो इतका मोठा वाटतो की आपला त्याच्याशी संबंध आहे असं वाटतच नाही.

शिक्षेबाबत संशोधनाचे निष्कर्ष एका सुरात नाहीत. कुठे कडकपणाचा परिणाम दिसतो, कुठे पकडले जाण्याच्या खात्रीचा, कुठे कशाचाच नाही. पण एका बाबतीत माझं मत पक्कं आहे: चूक कळवणाऱ्याला शिक्षा कधीही करू नये. फसव्या लिंकवर क्लिक झालं आणि माणसाने ते लगेच सांगितलं, तर एक कॉम्प्युटर नेटवर्कवरून काढून भागतं. भीतीने दुपारपर्यंत लपवलं तर काय होईल सांगता येत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. दोन्ही ठिकाणी घड्याळ चालू असतं. कळवायला एकच नंबर ठेवा, तो प्रत्येक टेबलावर चिकटवा (मॉनिटरवर काही चिकटवायचंच असेल तर हे), आणि पहिल्यांदा कोणी स्वतःची चूक कळवली की सगळ्यांसमोर त्याचे आभार माना.

लोकांची परीक्षा घेण्यासाठी खोटे फसवे ई-मेल पाठवण्याची पद्धत हल्ली रूढ आहे. घ्या, पण आमिष विचार करून निवडा. २०२० च्या डिसेंबरात गोडॅडी या वेबसाइटची नावं विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने कर्मचाऱ्यांना सणाच्या बोनसचा खोटा ई-मेल पाठवला होता. फसलेल्यांना बोनसऐवजी ट्रेनिंग मिळालं आणि टीका झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली. आपल्याकडे दिवाळीच्या आधी असं कोणी केलं, तर त्या माणसाच्या पुढच्या कुठल्याही ई-मेलला कोणी उत्तर देणार नाही.

काय मोजायचं

किती जणांचं ट्रेनिंग झालं हा आकडा ऑडिटरला द्या, स्वतः त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा दर महिन्याला बघा: संशयास्पद ई-मेल किती जणांनी कळवले, क्लिकपासून कळवण्यापर्यंत किती वेळ गेला, अपवाद किती मागितले गेले, सुट्टीवर असलेल्या माणसाच्या नावाने किती लॉगिन झाले. हा शेवटचा आकडा हजेरीपट आणि लॉगिनची नोंद शेजारी ठेवली की निघतो, आणि फार खरं बोलतो. कळवण्याचं प्रमाण सुरुवातीला वाढलं तर घाबरू नका. घटना वाढलेल्या नसतात, लपवणं कमी झालेलं असतं.

जो मुद्दाम करतो त्याचं काय

नोकरी सोडताना क्लायंटची यादी घेऊन जाणारा, पैशासाठी माहिती विकणारा, रागाने फाइली पुसणारा. असे असतात, थोडे असतात, आणि वर सांगितलेलं काहीही त्यांना लागू पडत नाही. त्यांच्यासाठी मन वळवण्याचा नव्हे, अधिकार कमी ठेवण्याचा मार्ग आहे: ज्याला जेवढं लागतं तेवढंच दिसेल, मोठ्या रकमेला दोन माणसं लागतील, कोणी कधी काय केलं याची कॉम्प्युटरमधली नोंद (लॉग) त्याला पुसता येणार नाही, आणि राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या निरोपसमारंभाआधी लॉगिन बंद होईल, टोकन, किल्ल्या, लॅपटॉप परत येतील. ही यादी सगळ्यांना सारखीच लावा, वीस वर्षं झिजलेल्या काकांनाही. फक्त त्यांना ती आदल्या आठवड्यात सांगा, शेवटच्या दिवशी गार्डकडून नको.